पिशवी काढली म्हणून पोर सुरक्षित होत नाही

मुलगी बौद्धिकदृष्ट्या अक्षम आहे, पाळी सुरू झाली आहे, मग गर्भाशयाची पिशवीच काढून टाकली तर? मराठवाड्यातल्या मुखेडसारख्या तालुक्यात आया हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. मराठवाड्यात पिशवी काढणं इतकं सरसकट झालं, की बीडच्या ऊसतोड बायकांबाबत २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्याच्याही आधी, फेब्रुवारी १९९४ मध्ये, शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या पिशव्या पुण्याच्या ससून रुग्णालयात काढल्या गेल्या. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण दिलं गेलं. महिला संघटनांनी तेव्हाच विरोध केला आणि माझ्या मते तो वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर होता. पिशवी काढल्याने पाळी थांबते, दिवस राहत नाहीत. अत्याचार मात्र थांबत नाही. उलट तो उघडकीला येण्याची एक वाट बंद होते. सोबत बीजकोशही काढले, तर ऐन तरुणपणी हाडं ठिसूळ होऊ लागतात.

‘आमच्यामागे हिचं कोण करणार?’ ही आईची धास्ती खोटी नाही, आणि रोज कपडे धुणाऱ्या बाईला उपदेश करणं सोपं असतं. पण पॅड बदलणं बहुतेक मुली शिकतात: एकेक पायरी, चित्रं दाखवून, ठरलेल्या वेळी, महिनोन्‌महिने. रक्तस्राव फार असेल तर गोळ्या-इंजेक्शनं आहेत. दुसरा आक्षेप असा, की शरीराबद्दल सांगितलं तर नको ते सुचेल. इच्छा सांगण्याची वाट पाहत नाही. ती वयानुसार येतेच. नटावंसं वाटणं, कुणी आवडणं, स्वतःला बाई म्हणून ओळखणं हे तिचंही आहे. अवयवांची नावं, एकांतात काय करायचं आणि चारचौघांत काय नाही, नको असलेल्या हाताला ‘नको’ म्हणणं आणि ते घरी सांगणं, एवढं ठाऊक असलेल्या मुलीला गप्प ठेवणं अवघड जातं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चंदीगडच्या खटल्यात सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीची मूल ठेवण्याची इच्छा मान्य केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार कुणाही दिव्यांग व्यक्तीवर तिच्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी प्रक्रिया करता येत नाही.

म्हणून मुलीला तपासणीला आणाल तेव्हा डॉक्टरला आधी तिच्याशी बोलू द्या. फिटच्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठी सोबत आणा. त्यांतल्या काहींमुळे पाळी बिघडते, काहींमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो.