हत्ताची सायकल, हत्ताचं पाणी आणि घामाचं गणित

दुबईपासून साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, हजर डोंगररांगेत हत्ता आहे. धरणाचं हिरवट पाणी, कयाक, डोंगरातल्या सायकलवाटा. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतातून पाहुणे आले की "चला, सकाळी सायकल, मग डुबकी" असा बेत हमखास निघतो. धरणात पोहायला बंदी आहे, त्यामुळे डुबकी हॉटेलच्या तलावातच. पण बेत आखण्याआधी एक हिशेब करून बघा.

तुम्ही पेडलला 100 वॉट देत असाल, तर स्नायू त्याच वेळी साधारण 300 ते 400 वॉट उष्णता तयार करतात. ती बाहेर टाकावीच लागते. त्वचा सुमारे 35 अंशांवर असते. हवा 42 अंश असेल तर हवेकडे उष्णता जाणार नाही, उलट हवेतूनच अंगात येईल. उरला फक्त घाम. एक लिटर घाम वाळताना साधारण 2400 किलोज्यूल घेऊन जातो, म्हणजे तासाला अर्धा लिटर घाम वाळला की सुमारे 330 वॉट गेले. लक्षात घ्या, वाळला पाहिजे. टपकून जमिनीवर पडलेला घाम वायाच गेला म्हणायचा.

म्हणूनच हत्ताचे कोरडे 42 अंश दुबईच्या किनाऱ्यावरच्या दमट 37 पेक्षा सोसायला सोपे वाटतात. मात्र यात एक खोच आहे. सपाटीवर वेगाचा वारा घाम वाळवतो. चढावर वेग माणसाच्या चालीइतका होतो, वारा संपतो, आणि नेमकी तेव्हाच उष्णता सर्वांत जास्त तयार होते. चक्कर येते ती बहुधा इथे, किंवा वर पोचून थांबल्यावर.

आता पाणी. पाणी हवेच्या सुमारे 23 पट चांगलं उष्णता वाहून नेतं, पण ते त्वचेपेक्षा थंड असेल तरच. उन्हात तापलेला उघडा तलाव 34 अंशांवर गेला की पाणी जवळजवळ काहीच घेत नाही, आणि पाण्याखाली घाम वाळूच शकत नाही. नुसतं डुंबायला हरकत नाही. जोरात फेऱ्या मारायच्या तर मामला वेगळा.

हे कागदी गणित नाही. 23 ऑक्टोबर 2010 रोजी याच डोंगरांच्या पलीकडे, फुजैराच्या समुद्रात 10 किलोमीटरच्या विश्वचषक शर्यतीत अमेरिकेचा फ्रॅन क्रिपेन मरण पावला. वय 26. त्याच्या प्रकृतीबद्दलही चर्चा झाली, पण कोमट पाण्याचा प्रश्न पुढे आला तो कायमचाच. पुढे खुल्या पाण्यातल्या शर्यतींसाठी 31 अंशांची कमाल मर्यादा ठरली.

तेव्हा तलावाजवळ थर्मामीटर मागा. नसेल तर मुलांच्या आंघोळीचा चालतो, तो बॅगेत टाका. आकडा 31 च्या वर असेल तर फेऱ्या नकोत, सावलीत पाय सोडून बसा. आणि सायकल सूर्योदयाला काढा, आठ-साडेआठला ती गाडीवर चढलेली हवी.