धर्मादाय निधी आणि आपल्या संस्था

दान देणे आणि दान घेणे या दोन्ही गोष्टी आपल्या घराघरांत परिचयाच्या आहेत. उत्सवाची वर्गणी देताना किंवा अन्नसंतर्पणासाठी तांदळाचे पोते पाठविताना कोणी अंदाजपत्रक पाहत नाही. देणारा आपले द्रव्य देतो आणि त्याचा विनियोग घेणाऱ्याच्या सद्बुद्धीवर सोपवितो. उत्सव चार दिवसांचा असतो, म्हणून ही रीत त्यास पुरते. पण वाचनालय, अभ्यासिका, बालवाडी, दवाखाना ही कार्ये वर्षाचे बारा महिने चालवावी लागतात. वर्गणीदारांची एक पिढी थकली, एखादा उदार गृहस्थ निवर्तला, की त्यांचे दिवे मालवू लागतात. अशा वेळी खासगी धर्मादाय निधीकडे, म्हणजे ज्यास आपण ट्रस्ट किंवा फाउंडेशन म्हणतो त्याच्याकडे, साहाय्य मागण्याचा विचार पुढे येतो.

हा विचार पुढे आला म्हणजे कार्यकारी मंडळांत बहुधा तीन प्रकारची मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, ‘आपण कोणापुढे हात पसरावयाचा नाही.’ कोणी म्हणतात, ‘तेथे ओळखीचे कोणी आहे का ते आधी पाहा.’ आणि अर्ज केल्यावर निधीकडून दहा प्रश्न आले, तर कोणी रागावून म्हणतात, ‘आमच्यावर विश्वास नसेल तर राहू द्या.’ ही तिन्ही मते वरवर निराळी दिसली तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. निधीच्या विश्वस्तांना आपण त्या द्रव्याचे धनी समजतो. ही समजूत दूर झाली की मागण्यातील संकोच, वशिल्याची आशा आणि प्रश्नांचा राग हे तिन्ही आपोआप मावळतात.

विश्वस्त धनी नसतो

देवस्थानचा खजिनदार पेटीतील एक रुपयाही स्वतःच्या मर्जीने कोणास देऊ शकत नाही. तो द्रव्य राखणारा आहे आणि ठरलेल्या कार्यासाठीच ते खर्च करणारा आहे. निधीच्या विश्वस्ताची स्थिती हीच असते. निधी स्थापन करणारा पुरुष विश्वस्तपत्रात आपला हेतू लिहून ठेवतो, आणि पुढील विश्वस्त त्या शब्दांनी बांधले जातात. सर दोराबजी टाटा यांनी १९३२ साली, आपल्या निधनापूर्वी थोडेच महिने, आपली जवळजवळ सर्व संपत्ती अशा निधीच्या स्वाधीन केली. तीत कोहिनूरच्या दुपटीहून अधिक वजनाचा ‘ज्युबिली’ हिराही होता. त्या क्षणापासून ते द्रव्य टाटा कुटुंबाचे उरले नाही. ते निधीच्या उद्देशाचे झाले.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्राप्तिकराची सवलत घेणाऱ्या धर्मादाय संस्थेस आपल्या वार्षिक उत्पन्नाचा सामान्यतः ८५ टक्के भाग धर्मादाय कार्यावर खर्च करावा लागतो. म्हणजे द्रव्य योग्य ठिकाणी पोचविणे हे विश्वस्तांचे कर्तव्यच आहे, आणि त्यासाठी त्यांना चांगल्या संस्थांची गरज असते. आपण त्यांच्याकडे जातो तेव्हा त्यांच्या कर्तव्यास साह्य करतो. तेथे दीनवाणे होण्याचे कारण नाही, आणि उद्दामपणाचेही नाही. ते प्रश्न विचारतात, कारण त्यांनाही कोणाला तरी हिशेब द्यावयाचा असतो.

एका अर्जाची हकीकत

अर्ज कसा असावा याचा एक उत्तम दाखला आपल्या देशाच्या इतिहासातच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. होमी भाभा हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विश्वकिरणांवर संशोधन करीत होते. भौतिकशास्त्राच्या मूलभूत संशोधनासाठी देशात एक स्वतंत्र संस्था असावी, असे त्यांना वाटू लागले. १९४३ साली त्यांनी जे. आर. डी. टाटा यांना आपले विचार कळविले. उत्तर आले ते उत्तेजन देणारे, पण सावध होते. निश्चित योजना आणि तिच्या पाठीशी सबळ कारणे मांडावीत, म्हणजे सर दोराबजी टाटा निधी तिचा विचार करील, असा त्याचा आशय होता.

भाभा हे सर दोराबजींच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे सख्खे भाचे होते. घरोबा याहून जवळचा कोणता असणार? तरीही नात्याने काम भागले नाही. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी निधीचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना रीतसर पत्र लिहिले. देशात या विषयाचे मोठे संशोधनकेंद्र नाही, कर्तबगार माणसे आहेत पण ती विखुरलेली आहेत, त्यांना एकत्र आणणारे केंद्र हवे, हे त्यांनी त्यात दाखविले. दोन-एक दशकांनी अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागणार नाही, हे फलही त्यांनी स्पष्ट सांगितले.

विश्वस्तांनी योजना स्वीकारली. १ जून १९४५ रोजी बंगळूर येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी ते मुंबईस पेडर रोडवरील एका बंगल्याच्या काही भागात आले. मुंबई सरकारही संस्थापनेत सहभागी झाले. पुढे ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही आशिया खंडातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९६९ साली तारापूरची वीज मिळू लागली. पत्रातील भाकीत पाच-सात वर्षांच्या फरकाने खरे ठरले.

एवढ्या मोठ्या कार्याशी आपल्या गल्लीतील अभ्यासिकेची तुलना कशी करावी, असे कोणी म्हणेल. द्रव्याचे प्रमाण भिन्न असले तरी अर्जाची अंगे तीच आहेत. पहिले अंग म्हणजे आपला हेतू आणि निधीचा हेतू यांचा मेळ. विज्ञानाची उन्नती हा त्या निधीच्या उद्देशांपैकी एक होता, म्हणून भाभांनी तेथे अर्ज केला. दुसरे अंग उणीव नेमकी दाखविण्याचे. तिसरे, कार्य करणारी माणसे आज हाताशी आहेत हे पटविण्याचे. चौथे, फलाविषयी निश्चित विधान करण्याचे, की ज्याची पुढे कोणी पडताळणी करू शकेल. आणि पाचवे, इतर कोणाचा वाटा आहे हे सांगण्याचे, कारण संपूर्ण भार एकाच खांद्यावर टाकणाऱ्या योजनेला विश्वस्त भितात.

लहान संस्थेचे अंदाजपत्रक

उदाहरणादाखल अशी कल्पना करू, की एका संस्थेस चाळीस विद्यार्थ्यांसाठी सायंकाळची अभ्यासिका चालवावयाची आहे. ही मुले एका खोलीच्या घरांत राहतात, तेथे रात्री वाचावयास जागा नाही. ‘समाजातील गरजू विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी भरीव साहाय्य मिळावे’ असे लिहिले तर वाचणाऱ्यास काहीच कळत नाही. त्याऐवजी पुढीलप्रमाणे मांडावे. दोन मार्गदर्शकांचे मानधन दरमहा प्रत्येकी ६,००० रुपये, म्हणजे वर्षास १,४४,००० रुपये, वीज ३६,०००, पुस्तके ४०,०००, बाके व दिवे ६०,०००, हिशेबतपासणी २०,०००, एकूण ३,००,००० रुपये. खोली विनाभाडे मिळाली आहे. सभासदांची वर्गणी ७५,००० रुपये जमेल. निधीकडे मागणी २,२५,००० रुपयांची.

यावरून वाचणाऱ्यास तत्काळ हिशेब करता येतो, की एका विद्यार्थ्यामागे वर्षाचा खर्च ७,५०० रुपये आहे. पण येथेच थांबू नये. पुढील वर्षांचे काय, हा प्रश्न विश्वस्त हमखास विचारतात. बाके दुसऱ्या वर्षी पुन्हा घ्यावयाची नाहीत, म्हणून खर्च २,४०,००० रुपयांवर येईल. वर्गणी १,००,००० रुपयांपर्यंत वाढविली तर मागणी १,४०,००० रुपयांची उरेल. तिसऱ्या वर्षी वर्गणी १,५०,००० रुपये झाली तर मागणी केवळ ९०,००० रुपये. उतरत्या मागणीचे हे तीन आकडे दहा पानांच्या प्रशंसेहून अधिक बोलतात. मात्र वर्गणी खरोखर वाढविण्याचा निश्चय मंडळात आधी झालेला असावा. अर्जासाठी लिहिलेला आकडा पुढे आपल्याच गळ्यात पडतो.

फलही मोजता येईल असे लिहावे. किती मुले नियमित आली, किती जणांनी शाळा मध्येच सोडली नाही, किती पुस्तके वाचावयास दिली गेली, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. वर्षअखेरीस आठवणीने भरलेली वही कोणासही ओळखू येते.

कागदपत्रे आणि कायदा

संस्था नोंदविलेली असावी. हा कायदा प्रांतागणिक वेगळा आहे. कर्नाटकात संस्था-नोंदणीचा १९६० चा आणि मध्यप्रदेशात १९७३ चा कायदा आहे. महाराष्ट्रात व गुजरातेत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते. याशिवाय प्राप्तिकर खात्याची नोंदणी, संस्थेच्या नावाचे पॅन कार्ड व बँकखाते, घटनेची प्रत, मागील तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि अर्ज करण्याविषयी मंडळाचा ठराव हे एका फायलीत सदैव तयार असावे.

देवस्थानांनी चालविलेल्या कार्यांबाबत एक सावधगिरी विशेष आवश्यक आहे. अनेक निधी धार्मिक विधींसाठी किंवा एकाच जातीच्या लोकांसाठी द्रव्य देत नाहीत. दवाखाना मंदिराच्या आवारात असण्यास हरकत नसते, पण त्याचे दार सर्वांना उघडे असावे आणि त्याचा हिशेब पूजा-उत्सवाच्या हिशेबाहून पूर्णपणे वेगळा ठेवावा.

आपल्या कुटुंबांतील पुष्कळ मुलेमुली आज परदेशी आहेत. त्यांच्याविषयीही नियम समजून घ्यावा. भारतीय नागरिकत्व राखलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी अंशदान मानली जात नाही. परंतु परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची, तसेच तिकडील निधीची रक्कम २०१० च्या परदेशी अंशदान नियमन कायद्याखाली येते, आणि त्या कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याविना ती स्वीकारता येत नाही. ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत ती वळती करून घेण्याचा मार्गही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे.

साहाय्य मिळाल्यानंतर

खरी परीक्षा रक्कम हाती आल्यावर सुरू होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ साली एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. या दीर्घ काळात आरंभीचे दाते आणि आरंभीचे संपादक कालवश झाले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ साली सूत्रे हाती घेतली आणि १९४३ साली त्यांचे देहावसान झाले. पुढे इतरांनी ते कार्य तडीस नेले. सरकारे, विश्वविद्यालये, बडोद्यासारखी संस्थाने, हैदराबादचे निजाम अशा अनेकांनी वेळोवेळी हातभार लावला. इतक्या निरनिराळ्या दात्यांचा विश्वास सत्तेचाळीस वर्षे कसा टिकला? १९२७ पासून छापील भाग एकामागून एक लोकांच्या हाती पडत राहिले, हे त्याचे एक मोठे कारण होय. पूर्ण झालेला लहान भाग दाखविणे हेच पुढील साहाय्याचे सर्वोत्तम आवाहन.

म्हणून अहवाल मुदतीपूर्वी पाठवावा. एका कामासाठी आलेली रक्कम, कितीही निकड असली तरी, दुसऱ्या कामास लावू नये. बदल आवश्यक असेल तर आधी लेखी संमती घ्यावी. जे साधले नाही तेही कारणांसह लिहावे. चाळीसऐवजी अठ्ठावीसच मुले आली, हे आपण होऊन सांगणाऱ्या संस्थेचा शब्द पुढच्या वर्षी मानला जातो. उरलेली रक्कम परत करावी लागली, तर त्यातही संस्थेची शोभाच आहे.

नकारही पुष्कळदा येतील. नकाराचे कारण विनयाने विचारावे आणि पुढील अर्जात त्याचा उपयोग करावा. कधी नकार आपल्यालाही द्यावा लागतो. निधीला संगणकवर्ग हवा आहे म्हणून अभ्यासिका बंद करून तो काढणे हे द्रव्यासाठी स्वतःचा हेतू विकण्यासारखे आहे. असा निधी कितीही मोठा असला तरी तो आपला नव्हे.

अर्ज लिहावयास बसण्यापूर्वी प्रत्येक कार्यकारी मंडळाने तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. हे कार्य बंद पडले तर नेमके कोणाचे नुकसान होईल? त्यासाठी आपण स्वतः काय देत आहोत? आणि उद्या कोणीही सभासद दारात येऊन हिशेबाची वही मागू लागला, तर ती त्याच्यापुढे निःशंकपणे ठेवता येईल काय? या तिन्हींची उत्तरे ज्या मंडळापाशी आहेत, त्याचा निम्मा अर्ज लिहून झाला असे समजावे. ज्या मंडळापाशी ती नाहीत, त्याने लेखणी बाजूस ठेवून प्रथम ती वही लिहावयास घ्यावी.