आरोग्य पाठ : इन्सुलिन घरी सुरक्षितपणे कसे घ्यावे



मधुमेह हा शहरातल्या खात्यापित्या माणसांचा आजार, असा समज अजून पुष्कळ ठिकाणी आहे. पण तो पाड्यांवरही आढळतो आणि लहान मुलांनाही होतो. मुलांच्या मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे १४ वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्याआधी अशी मुले फार काळ जगत नसत. म्हणून पाड्यावर सेवेला जाताना हा पाठ सोबत ठेवा आणि घरच्यांना समजावून सांगा.

१. बाटली आणि सिरिंज जुळवा. आपल्याकडे ४० आणि १०० अशा दोन ताकदींचे इन्सुलिन मिळते. बाटलीवर जो आकडा, तोच सिरिंजवर हवा. १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजने १० खुणांपर्यंत भरले, तर शरीरात १० नव्हे, २५ युनिट जातात. अशी चूक जिवावर बेतू शकते. वाचता न येणाऱ्याला दोन्ही आकडे ओळखायला शिकवा.

२. औषध थंड ठेवा. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेले औषध टाकून द्यावे. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात छोटे मडके ठेवावे आणि पिशवीत घट्ट बांधलेली बाटली त्यात ठेवावी. उघडलेली बाटली साधारण चार आठवडेच वापरावी. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी.

३. टोचण्याची रीत. हात साबणाने धुवावेत. गढूळ दिसणारे इन्सुलिन तळहातांमध्ये हलकेच फिरवून एकजीव करावे, जोरात हलवू नये. पोटावर बेंबीपासून दोन बोटे दूर किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचावे. दहा आकडे मोजून मगच सुई काढावी. रोज जागा बदलावी. एकाच जागी टोचल्यास गाठी होतात आणि औषध नीट लागू पडत नाही. टोचल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेत जेवावेच.

४. साखर उतरली तर ओळखा. घाम, थरथर, अचानक भूक, चक्कर किंवा बरळणे ही तिची लक्षणे आहेत. लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून पाजावी. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, नंतर जेवण द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून दवाखान्यात न्यावे.

५. सुई कोणाचीही दुसऱ्याला देऊ नये. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून आरोग्य केंद्रात द्यावी. चुलीत किंवा शेतात टाकू नये.

सर्वांत महत्त्वाचे : इन्सुलिन मनाने बंद करू नये. ताप आहे, जेवण जात नाही, म्हणून मुलाचे इंजेक्शन थांबवले तर एक-दोन दिवसांत जीव धोक्यात येतो. उलट्या, पोटदुखी किंवा जोराचा श्वास दिसताच दवाखाना गाठावा. कोणी भगताकडे नेतो, तर कोणी आपल्यातलाच म्हणतो, "प्रार्थना केली, आता सुई कशाला?" पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता, हे अशांना प्रेमाने सांगा. प्रार्थना करावी आणि इंजेक्शनही घ्यावे.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात. निघण्याआधी त्यांच्याजवळ पुरेसे औषध, सिरिंजा आणि डॉक्टरांची चिठ्ठी आहे ना, एवढे आपण विचारावे. मंडळीतून दोन मडकी किंवा महिन्याच्या सिरिंजा देणे हीदेखील सेवाच आहे. या मुलांना आपल्या प्रार्थनेत आठवा.