अल्सरमधून रक्तस्राव : खर्च कुठे वाढतो, कुठे वाचतो

संडास डांबरासारखी काळी आणि चिकट झाली किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. (लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण सोबत चक्कर, घाम असेल तर वाट पाहू नका.) अशा वेळी सर्वांत महाग पडतं ते छोट्या दवाखान्यात सलाइन लावून दोन दिवस काढणं. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे. ती येईपर्यंत रुग्णालयाला फोन करून विचारा : रात्रीही दुर्बिणीची तपासणी होते का, रक्त मिळेल का, सर्जन आहे का?

घरच्यांना धास्ती असते ऑपरेशनची. पण बहुतेक रुग्णांना ते लागतच नाही. पहिल्या 24 तासांत दुर्बीण घालून, इंजेक्शन देऊन आणि क्लिप लावून किंवा शेक देऊन रक्तवाहिनी बंद करतात. बिल फुगतं ते आयसीयूचे दिवस, क्लिपा आणि रक्ताच्या पिशव्यांनी. क्लिपा नगावर लागतात; त्या पॅकेजमध्ये आहेत की वेगळ्या, हे अंदाजपत्रकात लिहूनच घ्या. तांबड्या पेशींच्या पिशवीचं प्रक्रियाशुल्क 2022 च्या राष्ट्रीय दरांनुसार सरकारी रक्तपेढीत 1100, खासगीत 1550 रुपये आहे. जादा चाचण्यांचे पैसे वेगळे. हृदयविकार नसेल आणि रक्तदाब टिकून असेल, तर साधारणपणे हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावरच रक्त देतात. जास्त पिशव्या म्हणजे चांगला उपचार, असं नाही.

पुन्हा रक्त सुरू झालं तर? हाँगकाँगमध्ये अशा 92 रुग्णांचा अभ्यास झाला; तो 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या 48 जणांना पुन्हा दुर्बिणीचा उपचार दिला, त्यांतल्या 35 जणांचा रक्तस्राव तेवढ्यावर थांबला. ऑपरेशनच्या गटापेक्षा गुंतागुंतही कमी झाली. म्हणून ‘आधी दुसऱ्यांदा दुर्बीण करून पाहता येईल का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. व्रण मोठा असेल किंवा रक्तदाब कोसळला असेल, तर मात्र ऑपरेशनला उशीर करू नये. त्यात बहुधा आतडं उघडून रक्तवाहिनीला टाके घालतात. जठराचा भाग काढणं आता क्वचितच. वय जास्त असेल, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर धोका वाढतो, मुक्कामही लांबतो. हे ऑपरेशनआधीच स्पष्ट विचारा.

पैशांची सोय दाखल होतानाच लावा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात. रेशनकार्ड, आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठा, चौकशीसाठी 155388. धर्मादाय रुग्णालयात 1 लाख 80 हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांसाठी 10 टक्के खाटा मोफत, तर 3 लाख 60 हजारांपर्यंतच्यांसाठी आणखी 10 टक्के सवलतीत राखीव असतात. निर्धन रुग्णाकडून तातडीच्या वेळी डिपॉझिट मागता येत नाही.

घरी जाताना हेलिकोबॅक्टर पायलोरी या अल्सर करणाऱ्या जंतूच्या तपासणीचा अहवाल मागा. जंतू सापडला तर प्रतिजैविकांचा कोर्स, बहुधा 14 दिवसांचा, पूर्ण करा. संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेल्याची खात्री करून घ्या. रक्तस्राव चालू असताना केलेली चाचणी कधी कधी चुकून निगेटिव्ह येते, तेव्हा ती पुन्हा करावी लागते. सांधेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या पेनकिलर बंद करा. हृदयासाठीची ॲस्पिरिन मात्र स्वतःहून थांबवू नका. रुग्णालयात ती थांबवली असेल, तर पुन्हा कधी सुरू करायची हे डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.