आधी सात मिनिटं लिहून आण

नोकरी इतक्यात सोडू नकोस, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तू शांतपणे ऐकशील. मावशीचा फोन आला होता. तुला टीव्हीवरच्या कॉमेडी शोमध्ये जायचंय, अंधेरीचं ऑफिस नकोसं झालंय आणि घरात आठवडाभर कुणी कुणाशी धड बोललेलं नाही, एवढं तिने सांगितलं. मी तिला म्हटलं, मुलगी काही वाईट बोलत नाहीये. हे काम मोठं आहे, अवघड आहे आणि तिच्यात ते आहे. कॉलेजात असताना युथ फेस्टिव्हलला तू केलेलं स्किट मी पाहिलंय, म्हणून हे म्हणतेय.

पण तू मला ऑडिशनचं विचारलंस. कुठे फोटो पाठवू, कुणाला भेटू, रील किती सेकंदांचं करू? त्याआधी माझं एक ऐक. लिहायला लाग. अभिनय सोडून नव्हे, अभिनयासाठीच.

तुला आवडणारी माणसं बघ ना. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' 2018 मध्ये सोनी मराठीवर सुरू झाली. त्यात समीर चौघुले, प्रसाद खांडेकर, प्रथमेश शिवलकर ही मंडळी नुसती नाचून-बोलून जात नाहीत, स्किटं लिहितातही. निलेश साबळे आयुर्वेदाचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. 2014 पासून जवळजवळ दहा वर्षं त्याने 'चला हवा येऊ द्या'चं लेखन, दिग्दर्शन आणि निवेदन सांभाळलं, शिवाय स्वतः कामं केली. त्याच्याही आधी दिलीप प्रभावळकर. 'हसवाफसवी' त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्यात सहा भूमिका स्वतः केल्या. त्यांचं 'अनुदिनी' नावाचं सदर होतं, एका कुटुंबाच्या डायऱ्यांचं. त्यातून 2001 मध्ये अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली आणि आबा टिपरे झाले कोण, तर लिहिणारे स्वतःच. ती मालिका पुन्हा लावून बघ. आबा एकही वाक्य हशा काढायचा म्हणून बोलत नाहीत. ते फक्त घरातल्या सगळ्यांकडे नीट बघत असतात.

नुसतं काम करणारी मुलगी फोनची वाट बघत बसते. फोन आला की जे मिळेल ते करते. लिहिणारी मुलगी रीडिंगला स्वतःचं पान घेऊन बसते, आणि ते पान चांगलं असेल तर तिला वगळून पुढे जाता येत नाही. आपल्या बायकांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे. विनोदी स्किटमध्ये बाईला काय येतं? भांडकुदळ बायको, नटवी शेजारीण, जाड म्हणून चिडवायची मैत्रीण. तेवढंही कधी कधी साडी नेसून पुरुषच करून जातात. नम्रता संभेरावसारखी ताकदीची नटी 'लॉली' उभी करते तेव्हा तिच्या अंगातलं काम दिसतं, वादच नाही. पण 2024 मध्ये 'नाच गं घुमा'त तिला घरकाम करणाऱ्या बाईची अख्खी, हाडामांसाची भूमिका मिळाली, तेव्हा त्या सिनेमाच्या लेखनात परेश मोकाशींबरोबर मधुगंधा कुलकर्णी होती. बाईच्या हातात पेन असलं की स्वयंपाकघरातली बाई कशी वेगळी दिसते, ते तिथे बघ.

आता तू म्हणशील, लिहू काय? अगं बाय, तू नालासोपाऱ्यात राहतेस! सकाळी लेडीज डब्यात उभी असतेस तेव्हा कान उघडे ठेव. नालासोपाऱ्याहून उलटं विरारला जाऊन, तीच गाडी धरून बसून येणाऱ्या बायका आणि विरारच्या प्लॅटफॉर्मवर ताटकळलेल्या बायका यांचं रोजचं युद्ध तुला तोंडपाठ आहे. पण युद्धात विनोद नाही, तिथे फक्त आरडाओरडा आहे, आणि आरडाओरड्यावर प्रेक्षक पहिल्या मिनिटाला हसतो, दुसऱ्या मिनिटाला थकतो. तू चौथ्या सीटवरच्या बाईकडे बघ. तिचं अर्धं अंग हवेत आहे, एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला आहे, मांडीवर मेथीची जुडी आहे, आणि तरी ती समोर उभ्या असलेलीला विचारते, "तुम्ही कुठे उतरणार?" तिला काय हवंय? पूर्ण सीट. ते तिला बोलता येत नाही, कारण शेजारची तिच्याच सोसायटीतली आहे आणि तिच्याकडून हिने भिशीचे पैसे उसने घेतलेत. आता भाईंदरला एक नवखी चढते आणि निरागसपणे म्हणते, "जरा सरकून घ्या ना." झालं तुझं स्किट सुरू. अडचण खरी पाहिजे, माणूस खरा पाहिजे. पंच त्यातून आपोआप येतात, वरून चिकटवावे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र पक्की धर. त्या बाईला हसायचं नाही, तिच्याबरोबर हसायचं. तिने तुझं स्किट घरी टीव्हीवर पाहिलं तर दुसऱ्या दिवशी डब्यात तिने तुला बसायला जागा द्यावी.

भाषेचंही तसंच. ओंकार भोजने, प्रभाकर मोरे कोकणातलं बोलणं घेऊन आले. गौरव मोरेने पवईचा फिल्टरपाडा घराघरांत नेला. आपल्या वसईत कादोडी आहे, वाडवळी आहे, आगरी आहे, कोळीवाड्यातलं बोलणं आहे आणि इमारतींमधून कोकण, खानदेश, उत्तर प्रदेश सगळं एका जिन्यावर राहतं. हे बोलणं विनोदी कार्यक्रमांत मी फारसं ऐकलेलं नाही, आणि मला त्याची खंत वाटते. पण तुझ्या आजोळची वाडवळी तुझ्या जिभेवर आहे तेवढीच वापर. कादोडी ऐकून-ऐकून नक्कल करू नकोस. ज्यांची भाषा आहे त्यांच्या घरी जा, बस, ऐक, त्यांना वाचून दाखव. त्यांनी मान हलवली तरच स्टेजवर ने.

लिखाणाचं कामही सांगते, कारण बाहेरून ते फार मजेचं वाटतं. आधी कल्पना सांगायची, ती बहुतेक वेळा पडते. मग मसुदा, मग रीडिंग. तिथे तुला सगळ्यात आवडलेली ओळ दिग्दर्शक पहिली कापतो, आणि पुष्कळदा त्याचंच बरोबर असतं. मग तालीम. तालमीत नट ॲडिशन घेतात, जागा काढतात. तू लिहिलेलं जसंच्या तसं राहील, ही आशा ठेवू नकोस. मात्र ॲडिशनमुळे गोष्टच हरवत असेल तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर नव्हे, बाजूला घेऊन सांग. आणि हे सगळं पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून. रोज लिहायची सवय नसेल तर हा वेग माणसाला पिळून काढतो, म्हणून म्हणते, नोकरी आहे तोवर ती सवय लावून घे.

नाव कुणाचं होतं, हेही मनाशी नीट ठरव. 'हवा येऊ द्या'मध्ये सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचा आणि हसून लोटपोट झालेले लोक डोळे पुसायचे. ती पत्रं अरविंद जगतापची. सुरुवातीला किती घरांत ते नाव माहीत होतं? पण पत्रं इतकी सच्ची होती की लोक लिहिणाऱ्याला शोधत गेले. तुझं नाव श्रेयनामावलीत येईल का, कसं येईल, हे कामाआधी विचार. त्यात उद्धटपणा नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. या धंद्यात बिल दिल्यावर नव्वद दिवसांनी पैसे येणं ही रीतच आहे, म्हणून घरखर्चाची सोय आधी बघायची. मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला जातो, तर रिटर्न भरायला विसरू नकोस. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, लिहून काढलेल्या मांडणीवर असतो. तेव्हा तोंडी सुचवत फिरू नकोस, लिही आणि स्क्रीनरायटर्स असोसिएशनची सभासद होऊन तिथे नोंदव. करारात 'सर्व हक्क कायमचे' अशी ओळ दिसली की थांब, असोसिएशनला दाखव. कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने लेखकाच्या रॉयल्टीला संरक्षण दिलंय, हे समोरच्याला माहीत असतं. तुलाही असू दे.

आणि रात्रीचं. नायगावला, वसई पूर्वेला आता मालिकांचे सेट आहेत, तरी तुझं काम कुठेही निघेल. पॅकअप उशिरा झाला तर घरी सोडायची गाडी मागायची, लाजायचं नाही. पावसात नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी भरलं की काय होतं ते मुंबईत राहणाऱ्या प्रॉडक्शनवाल्याला कळत नाही, त्याला सांगावं लागतं. मावशीची अर्धी भीती हीच आहे. तिला ऑडिशनची नाही, शेवटच्या विरार लोकलची धास्ती आहे. तू तिला "मी गाडी मागून घेईन" एवढं म्हण, बघ ती किती सैल होते.

वर्षभर एवढंच कर. एखाद्या हौशी संस्थेत जा, एकांकिका स्पर्धांना उतर, राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं बघ. तिथे रिकाम्या खुर्च्यांसमोर काम करायची वेळ येईल. ती येऊ दे. हशा येत नाही तेव्हा वाक्य कुठे लांबलं ते तिथेच कळतं, रीलच्या लाइक्समध्ये कधीच नाही.

येत्या रविवारी विरारला ये. लेडीज डब्याचं स्किट सात मिनिटांचं करून आण, जास्त नको. मी कागद हातात घेणार नाही, तूच वाचून दाखवायचं, सगळ्या बायकांचे आवाज तूच काढायचे. मावशीलाही घेऊन ये. ती जन्मभर त्याच गाडीने गेलीय, कुठे खोटं वाटलं ते ती माझ्याआधी सांगेल.