शिरस्त्राण विसरलेला अंतराळवीर

विज्ञानकथेतला अंतराळवीर म्हटला की जाडजूड पोशाख आणि शिरस्त्राण डोळ्यांपुढे येते. पण आर्थर क्लार्क व स्टॅन्ली कुब्रिक यांच्या '२००१ : ए स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटातला सर्वांत बोलका प्रसंग आहे तो शिरस्त्राण नसलेल्या माणसाचा. यानाचा कारभार पाहणारा हॅल हा संगणक बाहेर गेलेल्या बोमनला आत घेण्यास नकार देतो. बोमन घाईत शिरस्त्राण विसरून आलेला! हॅलच्या हिशेबी माणूस संपलाच. पण बोमन आपल्या छोट्या यानाचे दार स्फोटाने उडवतो आणि निर्वातातून उघड्या चेहऱ्याने मोठ्या यानात शिरतो.

हे शक्य आहे का? निर्वातात माणूस फुग्यासारखा फुटतो, रक्त उकळते, असे पुष्कळ कथांत असते. (एकदा वर्गात मीही तसेच सांगून बसलो होतो.) ३७ अंश सेल्सिअसला पाण्याच्या बाष्पाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ४७ मिलिमीटर असतो. बाहेरचा दाब त्याहून कमी झाला की उघडे पाणी शरीराच्या उष्णतेनेच उकळू लागते. पण रक्त उघडे कुठे असते? रक्तवाहिन्या व कातडी त्याला आवळून धरतात. शरीर सुजते, फुटत नाही.

१९६६ साली ह्यूस्टन येथे निर्वात कक्षात पोशाखाची चाचणी चालू असताना एका तंत्रज्ञाची हवेची नळी निसटली. सुमारे १४ सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. कक्षात हवा सोडल्यावर तो शुद्धीवर आला. जिभेवरची लाळ उकळत होती, एवढे त्याला आठवत होते. ऑक्सिजन नसलेले रक्त फुप्फुसांतून मेंदूपर्यंत पोहोचले की शुद्ध जाते. बोमनच्या हाती होती ती एवढीच सेकंदे. हॅलने हिशेब केला तो शिरस्त्राणाचा. या पातळ कातडीचा आणि त्या दहा-बारा सेकंदांत दांडी ओढणाऱ्या हाताचा हिशेब त्याने केलाच नाही. माणसाचा दुबळेपणा आणि चिवटपणा इतका एकाच जागी दाखवणारे दुसरे दृश्य मला तरी आठवत नाही.

एक चूक मात्र आहे. उडी घेण्यापूर्वी बोमन श्वास रोखून धरतो. बॉइलचा नियम आठवा : बाहेरचा दाब नाहीसा होताच कोंडलेली हवा फुगून फुप्फुसे फाडील. श्वास सोडूनच उडी मारायला हवी होती.

चित्रपट पाहाल तेव्हा कान उघडे ठेवा. स्फोटाचा आवाज येत नाही. आवाज केव्हा परत येतो आणि का, ते सांगता येईल?