कांद्याचा तिखटपणा कोठून येतो?

भाकरीबरोबर कांदा फोडून खाणाऱ्यास हे ठाऊकच आहे की, एका शेतातील कांदा डोळ्यांतून धारा काढितो आणि दुसऱ्या शेतातील, बी एकच असूनही, सौम्य निघतो. याचे कारण बहुतांशी जमिनीत व पाण्यात आहे.

कांदा जमिनीतील गंधक शोषून त्याची काही द्रव्ये आपल्या पेशींत साठवितो. ती स्वतः तिखट नसतात. कांदा चिरला म्हणजे पेशी फुटतात, निराळ्या कप्प्यातील एक पाचक द्रव्य त्यांस भिडते, आणि तेव्हाच तो झणझणीत वास उत्पन्न होतो. कीड व बुरशी यांपासून स्वसंरक्षण करण्याची कांद्याची ही रीत होय.

अर्थात गंधक थोडे, तर तिखटपणाही थोडा. अमेरिकेतील जॉर्जिया प्रांतात व्हिडेलिया गावाभोवतीची जमीन रेताड असून तीत गंधक फार कमी आहे. १९३१ साली तेथील एका शेतकऱ्याचा कांदा गोड निघाला; पुढे त्या गोडीस इतके मोल आले की, १९८६ साली प्रांताने कायदा करून ते नाव राखून ठेविले. तो गोड लागतो तो साखर फार म्हणून नव्हे, झोंबणारे द्रव्य थोडे म्हणून.

उष्ण व कोरडी हवा तिखटपणा वाढविते. पाणी फार दिल्यास तो उतरतो. काढणीपूर्वी वजनाच्या लोभाने पाणी देत राहणाऱ्यांस आमचे सांगणे इतकेच की, असा कांदा चाळीत लवकर सडतो. नाशिककडील शेतकरी उन्हाळी कांद्याचे पाणी काही दिवस आधी तोडतात, ते योग्यच आहे.

क्वेर्सेटिन नावाचे दुसरे हितकर द्रव्य लाल व पिवळ्या कांद्यात पुष्कळ, पांढऱ्यात जवळजवळ नाही. आणि बाहेरील पापुद्र्यांत अधिक, गाभ्यात कमी. सोलताना दोनतीन जाड पापुद्रे फेकणारी गृहिणी नेमके तेच टाकून देते.

गंधक दिलेल्या कांद्याचा रस परीक्षानळीत रक्तकणिकांचे चिकटणे अधिक थांबवितो, असे प्रयोगांत दिसले आहे. परंतु परीक्षानळी म्हणजे मनुष्याचे शरीर नव्हे. कांद्याच्या भरवशावर हृदयरोग्याने वैद्याचे औषध सोडणे आम्हांस घातक वाटते.

आता खताविषयी. साध्या सुपर फॉस्फेटमध्ये व अमोनियम सल्फेटमध्ये गंधक असते. युरिया व डीएपी यांत ते नाही. केवळ हीच दोन खते वर्षानुवर्षे घातलेल्या शेताची माती तपासून घ्यावी, व उणीव आढळल्यास लागवडीपूर्वी जिप्सम घालावा.